पुढची सीट

आजकाल मला कॉलेजातल्या पोरांसमोर बोलायला बोलावतात. 'यशस्वी उद्योजक' म्हणून. गळ्यात हार पडतो, नारळ मिळतो, शाल मिळते. घरात शालींचा ढीग झालाय, आणि शाल पांघरावी अशी थंडी परभणीत वर्षातनं पंधरा दिवस. पोरं विचारतात, सर, तुमच्या यशाचं रहस्य काय? मी म्हणतो, वेळ. माझ्या सातही गाड्यांच्या मागच्या काचेवर लिहिलंय, 'वेळ म्हणजे वेळ'. पाथरीहून परभणीला सातला सुटायची गाडी सातलाच सुटते, मग आत एक माणूस असो की वीस. पोरं टाळ्या वाजवतात. मी पाणी पितो आणि खाली बसतो.

ह्यात खोटं काही नाही. पण ही वेळ मी कुठं शिकलो, ते आजवर एकाही स्टेजवर सांगितलेलं नाही. लोकांना वाटतं, माणूस धंद्यात पडतो तो पैशासाठी, नाहीतर नावासाठी. असतील तसे. मी पडलो तो एका सीटसाठी, आणि तीच सीट मी एका सकाळी दुसऱ्याला दिली. हे आता लिहितोय, कारण मायला सांगून झालंय. तिच्याआधी तुम्हाला सांगणं बरोबर झालं नसतं.

आमचं घर मेंढरावाल्यांचं. पाथरीपासून दोन कोसांवर गाव. वडलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांच्याकडं चाळीस-पन्नास मेंढरं आणि दहा-बारा शेळ्या. उन्हाळ्यात लोकांच्या वावरात मेंढरं बसवायची, त्या खताच्या बदल्यात ज्वारी मिळायची, त्यावर घर चालायचं. आबा लय कमी बोलायचे. मेंढरं हाकताना जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढायचे, दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं. माय म्हणायची, "ह्यायनी सगळं बोलणं मेंढरापाशीच सारलं. माझ्या वाट्याला आलं हूं आन् न्हाई."

मी सातवी पास झालो तेव्हा परभणीच्या वसतिगृहात नाव घालायला आबा मला घेऊन निघाले. पाथरीच्या अड्ड्यावर जीप लागली होती. आम्ही चढायला गेलो तर ड्रायव्हरनं आबांच्या खांद्यावरच्या घोंगडीकडं पाहिलं आणि म्हणाला, "ए मेंढरावाल्या, आत नको बसू. वास मारायलाय. शीट उठून जातेत माझे." आबांनी वाद घातला नाही. मागच्या फळीवर उभे राहिले, एका हातानं वरचा गज धरला आणि दुसऱ्या हातानं मला पोटाशी धरलं. तासाभराची वाट. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, धोतर नेसलेले एक पाव्हणे पाय पसरून पान खात बसले होते. मी वाटभर त्यांच्याच डोक्याकडं बघत होतो. मानवत मागं पडलं तसं मी आबांना म्हणालो, "आबा, म्या मोठा झालो की जीप घेणार. मग तुमी पुढं बसायचं." आबा हसले. "बसू की," म्हणाले.

पुढं काही लय शिक्षण झालं नाही. बारावीला दोनदा आपटलो आणि दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर झालो. सहा वर्षं मालकाच्या शिव्या खाल्ल्या. उन्हात पंक्चर काढली, पोलिसांच्या हातापाया पडलो, मळमळलेल्या माणसांनी घाण केलेल्या गाड्या धुतल्या. आपल्याला ह्यातून निघायचंय एवढंच डोक्यात होतं. शेवटी आबांनीच विषय काढला. एका संध्याकाळी म्हणाले, "मेंढरं इकतो. तू घे गाडी." व्यापाऱ्याचा टेम्पो दारात आला तेव्हा आबांनी एकेक मेंढरू मोजून चढवलं. शेवटचं लंगडं होतं, ते दोन्ही हातांनी उचलून आत ठेवलं. शेळ्याही विकल्या, घरी दोनच राहिल्या. मग जुनी का होईना, जीप आली. पहिल्या दिवशी आबा अंघोळ करून, धुतलेला पटका बांधून पुढच्या सीटवर बसले, परभणीला गेले, चहा प्याले आणि परत पुढच्याच सीटवर बसून आले. मला वाटलं, आपलं काम झालं.

आता अड्ड्याची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ती कुठं लिहिलेली नाही, पण मोडली तर दुसऱ्या दिवशी गाडी लावू देत नाहीत. गाड्यांना नंबर असतो. एक भरून गेली की दुसरी लागते. आमच्यात माणसाला माणूस म्हणत नाहीत, शीट म्हणतात. किती शीट झाले? अकरा झाले, तीन येऊ द्या. दहा जणांच्या गाडीत चौदा बसले की गाडी भरली. भरल्याशिवाय निघायचं नाही. कुणी घाई केली तर सांगायचं, "निघालोच, एक शीट आलं की निघालो." हे एक शीट काय चीज असते, ते पाथरी-परभणी केलेल्या कुणालाही विचारा. चावी फिरवायची, इंजिन घुरघुरू द्यायचं, गाडी हातभर पुढं घ्यायची, हातभर मागं. आतल्या माणसाला वाटतं, निघाली. मी ह्यात उस्ताद होतो.

आणि जो कुणी दोन-तीन शीट कमी असताना निघायचा, त्याची टिंगल व्हायची. "काय भाऊ, अंबुलन्स चालवायलास का?" हा शब्द आमच्या अड्ड्यावर शिवीच्या जागी होता. आपल्याला कुणी अंबुलन्स म्हणू नये म्हणून मी पहिली दोन वर्षं एकदाही सीट रिकामी ठेवून निघालो नाही. त्याचा मला अभिमान होता. आता हे लिहिताना लाज वाटते.

ती सकाळ अशी होती. मी दारात जीप पुसत होतो. माय चुलीपासून उठून आली. म्हणाली, "ह्यायच्या हातातनं चहाचा कप पडला. डोकं जड हाय वाटतं. बोलाय बी जमंना गेलंय. परभणीच्या डाक्टरला दाखीव बरं." मी आबांकडं पाहिलं. ओट्यावर बसले होते, उजवा हात मांडीवर टाकून. मी आबांना कधी आजारी पाहिलंच नव्हतं. पित्त झालं असेल म्हणालो मनात. "पहिल्याच फेरीला नेतो की," मी मायला म्हणालो, "त्यात काय." त्यांना पुढच्या सीटवर बसवताना माय म्हणाली, "उशीर करू नको." मी म्हणालो, "न्हाई करत."

अड्ड्यावर पोचलो तर माझाच नंबर पहिला होता. हे मुद्दाम सांगतो. कुणाची वाट बघायची नव्हती, पुढं कुणाची गाडी आडवी नव्हती. मी मनात आणलं असतं तर त्याच पावली परभणीचा रस्ता धरता आला असता. आठ-नऊ शीट तर लगेच झाले. मग एसटी आली आणि उभी असलेली माणसं तिकडं गेली. मी 'परभणी, परभणी' ओरडत उभा राहिलो.

तेवढ्यात एक जोडपं आलं. नवीन लग्न झालेलं, पोरीच्या हातात हिरवा चुडा. नवरा म्हणाला, "पुढची सीट देत असाल तर बसतो. हिला मागं बसलं की मळमळतं." दोन शीट एकदम. मी वळलो आणि आबांना म्हणालो, "आबा, जरा मागं बसता का? वारं बी लागल."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मग दार उघडायला हात पुढं केला, पण त्या हाताला कडी सापडेना. मीच दार उघडलं, खांद्याला धरून मागं नेलं आणि आडव्या बाकावर कोपऱ्यात बसवलं. चालताना त्यांचा उजवा पाय घासत होता. त्या पायातली चप्पल रस्त्यातच राहिली. मी ती उचलून आणली, त्यांच्या पायात घातली आणि परत ओरडायला लागलो. पाय घासतोय हे मला दिसलं होतं. दिसलं नाही असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

गाडीत एक बाई होत्या, रोजच्या. परभणीला उतरून पुढं झरीच्या बाजूच्या एका शाळेवर शिकवायला जायच्या. त्या आबांच्या समोरच बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. "भाऊ, हे बाबा कोण आहेत? ह्यांचं तोंड वाकडं दिसायलंय. लाळ गळायलीय. गाडी काढा आता."

"माझे वडील हायेत, मॅडम. डोळा लागलाय त्यायचा."

"डोळे उघडे आहेत त्यांचे," बाई म्हणाल्या.

शेजारच्या गाडीला टेकून दोन-तीन ड्रायव्हर उभे होते. त्यातला एक हसून म्हणाला, "काय, आज अंबुलन्स काढायलास का?" तिथं माझं डोकं फिरलं. मी बाईंना म्हणालो, "तुमाला लय घाई असेल तर एसटीनं जा की." बाईंनी पिशवी उचलली, उतरल्या आणि एसटी स्टँडकडं गेल्या. म्हणजे आता दोनच्या जागी तीन शीट लागणार होते.

मग मी मागं डोकावलो. आबा माझ्याकडंच बघत होते. त्यांनी डावा हात वर केला आणि जड जिभेनं म्हणाले, "भरू दे." दोनच शब्द. मला बरं वाटलं. आबांना धंदा कळतो, असं वाटलं. मी परत पुढं गेलो आणि गाडी हातभर पुढं, हातभर मागं करत बसलो. पाऊण तास गेला. चौदा झाले तेव्हा निघालो.

मानवत यायच्या आत मागनं कुणीतरी म्हणालं, "डायवर, म्हातारबा कलंडले." मग मात्र मी गाडी अशी पळवली की पुढच्या सीटवरची नवरी रडायला लागली. वाटेतलं रेल्वेचं फाटक सताड उघडं होतं. हेही मुद्दाम सांगतो. गाडी सरळ दवाखान्याच्या दारात नेली. त्या लोकांतल्या एकानंही, आम्हाला आधी उतरवा, म्हटलं नाही. दोघांनी आबांना उचललं. नवरीचा नवरा त्यांची चप्पल हातात घेऊन मागं मागं आला. एवढी माणुसकी त्या 'शीटां'नी दाखवली.

डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून असं झालंय?" मी म्हणालो, "आत्ताच. वाटेत." डॉक्टरांनी आबांचे हात पाय उचलून पाहिले, परत माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "नीट आठवून सांगा. ह्यात वेळेवरच सगळं असतं." तेव्हा मी कपाचं सांगितलं. अड्ड्याचं सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, "जितकं लवकर आणाल तितकं वाचतं." आबा वाचले, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

दुपारी माय एसटीनं आली. आबांना बघितलं, पदर तोंडात धरला, मग मला व्हरांड्यात ओढून म्हणाली, "सकाळी दिवस उगायला निघाल्ता. एवढा येळ कसा लागला रं?"

"फाटक लागलं होतं, माय," मी म्हणालो. "मालगाडी होती. लय लांब."

हे माझ्या तोंडातनं कसं आलं, मला ठाऊक नाही. आधीपासून ठरवलेलं नव्हतं. मायनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आग लागू त्या फाटकाला."

आबांना घरी न्यायच्या दिवशी मी जीप दवाखान्याच्या दारात लावली आणि पुढचं दार उघडलं. आता ते कायम पुढंच बसतील असं मी मनाशी ठरवलं होतं. आबांनी डाव्या हातानं दाराचा गज धरून ठेवला. मी उचलायला गेलो, तर सोडेनात. माय म्हणाली, "नको वाटत असल त्यायला, मागं घे." मागं गोधडी टाकून नेलं. त्यानंतर आबा सहा वर्षं जगले. त्या सहा वर्षांत ते एकदाही पुढच्या सीटवर बसले नाहीत.

पुढची गोष्ट म्हणजे तुमचं ते यश. आबांना घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अड्ड्यावर गेलो, सातला गाडी चालू केली आणि तीन माणसं घेऊन निघालो. ड्रायव्हर हसले. "अंबुलन्स, अंबुलन्स" म्हणून टाळ्या वाजवल्या. मी थांबलो नाही. लोकांना वाटतं, ह्यानं डोकं लावलं, धंद्याची नवीन आयडिया काढली. आयडिया कसली. उभ्या गाडीत मला बसवतच नव्हतं. सातला पाच मिनिटं वर झाली की मागं कुणीतरी बघतंय असं वाटायचं. चार-पाच महिने गाडी निम्मी रिकामी पळाली. अड्ड्यावाल्यांनी नंबर बंद केला, मी रस्त्याच्या पलीकडं एका टपरीपुढं गाडी लावायला लागलो. एकदा टायरमधली हवा सोडली, एकदा काच फोडली. तेव्हा घर मायच्या दोन शेळ्यांच्या दुधावर आणि तिच्या निंदायच्या मजुरीवर चाललं. माय सकाळी आबांचं हागणं-मुतणं करायची, त्यांना भरवायची, मग दुसऱ्याच्या वावरात जायची. माझ्या यशाचं कुणी विचारलं तर ह्याच बाईला विचारायला पाहिजे.

मग हळूहळू शिक्षक, कारकून, कोर्टाच्या तारखेवाले, दवाखान्याला जाणारे माझ्या गाडीला यायला लागले. सातची म्हणजे सातची, हे त्यांना पटलं. दुसरी गाडी झाली, मग तिसरी. सोनपेठची सुरू झाली. टपरीच्या जागी पत्र्याचं ऑफिस झालं.

ऑफिसच्या दारात मी आबांसाठी खुर्ची ठेवली. रोज सकाळी मीच त्यांना आणून बसवायचो. सातची गाडी चालू झाली की आबा डावा हात वर करायचे. इंजिनचा आवाज आला की हात वर, रोज. ड्रायव्हर लोक त्या हाताकडं बघूनच गाडी काढायला लागले. गिऱ्हाईक म्हणायचं, म्हातारबाचा हात म्हणजे ह्यांचा सिग्नल. एका पेपरात फोटोसुद्धा आला. मला विचारलं तर मी सांगायचो, आशीर्वाद देतात.

आणि माय. परभणीला जाताना ते फाटक आलं की ती शिव्या द्यायची. उघडं असो की बंद. "मेल्या, माझ्या मालकाचं वाटोळं केलंस," असं त्या लोखंडी दांडीला म्हणायची. मागं आबा बसलेले असायचे. त्यांना सगळं समजत होतं, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, ऐकू येतं, कळतं, फक्त बोलता येत नाही. मी आरशात बघायचो. आबा माझ्याकडं बघत असायचे. रागानं नाही, पण बघायचे. ह्यांना बोलता येत नाही हे बरंच आहे, असं मला वाटायचं. वडलांची वाचा गेली आणि पोराला सुटल्यासारखं वाटलं. हे मी देवापुढंही कधी बोललो नाही.

आबा गेले. दहाव्याला कावळा लवकर शिवेना. पाव्हणे म्हणाले, काहीतरी मनात राहिलंय म्हातारबाच्या, कबूल करा. माय म्हणाली, गाड्या नीट चालवीन म्हण. मी म्हणालो, गाड्या नीट चालवीन. कावळा बसूनच राहिला. मग कुणीतरी म्हणालं, ऊन झालंय, गाईला घाला.

गेल्या वर्षी परभणीतल्या एका कॉलेजानं असाच कार्यक्रम ठेवला आणि म्हणाले, ह्या वेळी आईंनाही आणा, त्यांचा सत्कार करायचाय. माय नवं लुगडं नेसून आली. माझं भाषण झालं, वेळ, शिस्त, कष्ट, सगळं झालं. मग निवेदकानं माईक मायच्या तोंडापुढं धरला. मला वाटलं, दोन शब्द बोलेल, लाजेल. माय लाजली नाही.

"माझ्या मालकाला त्या फाटकानं खाल्लं," ती म्हणाली. "येळेत पोचले असते तर बोलते चालते ऱ्हायले असते. तवापसून माझं लेकरू येळेला पक्कं झालं. एक मिनट थांबत न्हाई." पोरांनी टाळ्या वाजवल्या. काही उभी राहिली. मी हात जोडून बसलो होतो.

कार्यक्रम संपल्यावर दारात एक बाई आल्या. केस पिकलेले, हातात काठी. मी लगेच ओळखलं, त्या दिवशीच्या शाळेच्या बाई. त्यांनीही ओळखलंच होतं. "मी रिटायर झाले आता," म्हणाल्या. "बाबा कधी गेले?" मी सांगितलं. त्यांनी मायचा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी फाटक लागलं होतं होय? आमची एसटी तर कुठं थांबली नव्हती." टोमणा नव्हता बोलण्यात. आठवत होत्या नुसत्या. "तुमच्या गाड्या वेळेवर असतात म्हणे," मला म्हणाल्या. "मी आपली एसटीनंच जाते. सवय झाली."

परत येताना माय माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर शाल आणि नारळ. फाटक आलं. नेमकं बंद. गाडी थांबवली. मी वाट बघत होतो, आता शिव्या देईल. मायनं दिल्या नाहीत.

"ती बाई काय म्हणायली होती?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. पहिल्यापासून. नंबर पहिला होता ते, जोडप्याचं, चपलेचं, बाईंना एसटीनं जा म्हणालो त्याचं. मालगाडी येऊन गेली तरी मी बोलतच होतो. मायनं एकदाही मधी तोंड घातलं नाही. शेवटी मी म्हणालो, "आबाच म्हणले होते, माय. भरू दे म्हणले."

तेव्हा मायनं माझ्याकडं तोंड केलं. "सकाळी मला नुसती हाक मारता आली न्हाई त्यायला," ती म्हणाली. "ओ म्हणता आलं न्हाई. जलमात कधी दोन शबुद धड बोलले न्हाईत. आन् त्या टायमाला तुला भरू दे म्हणले?"

फाटक उघडलं. मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या.

वर मी लिहिलंय की आबा 'भरू दे' म्हणाले. ते खोटं आहे. तुम्हालाही खोटंच सांगितलं. बारा वर्षं मी ते इतक्या वेळा मनात म्हटलंय की त्यांचा आवाजसुद्धा ऐकू येतो मला. पण आबा काही बोलले नव्हते. मी मागं डोकावलो तेव्हा त्यांनी फक्त डावा हात वर केला होता. रस्त्याकडं. मेंढरं हाकताना करायचे तसा. चल, असं. पुढं सहा वर्षं रोज सकाळी सातला माझ्या ऑफिसच्या दारात बसून त्यांनी तोच हात वर केला, आणि मी लोकांना सांगत राहिलो की आशीर्वाद देतात.

"न्हाई म्हणले," मी मायला सांगितलं. "हात केला होता. चल म्हणून."

माय पुढं बघत होती. म्हणाली, "गाडी घे. शेळ्या दारात हायेत." घर येईपर्यंत दुसरं काही बोलली नाही. उतरताना शाल आणि नारळ सीटवरच ठेवून गेली.

मायनं मला घरातनं काढलं नाही. भाकरी टाकते, वाढते, नातवंडांना खेळवते, माझ्याशी कामापुरतं बोलते. फाटकाला शिव्या देत नाही, कारण ते फाटक तिला माझ्या गाडीतनं आता लागतच नाही. दर महिन्याला गुडघे दाखवायला परभणीला जाते, ती एसटीनं. गावच्या फाट्यावर छत्री घेऊन उभी राहते, कधी अर्धा तास, कधी तास. मी दोनदा म्हणालो, माय, आपली गाडी तिथनंच जाते. तिसऱ्यांदा म्हणायचं धाडस झालं नाही.

परवा सातच्या गाडीचा ड्रायव्हर आला आणि खाली मान घालून उभा राहिला. म्हणाला, "मालक, आई फाट्यावर उभ्या होत्या. म्या गाडी थांबवली. पुढची सीट रिकामी होती, बसा म्हणलो." मी विचारलं, मग? म्हणाला, "बोलल्या काहीच न्हाईत. हात वर केला. चल, असा." मग तो फाट्यावरनं निघाला, आणि गाडी वेळेवर परभणीला पोचली.